परत आला, पण तोच आला का?

२३ जून, सोमवार. पहाटेचे साडेपाच. घरातले सगळे झोपलेले, कानात इअरफोन आणि मोबाइलवर एनबीए फायनलची सातवी, शेवटची मॅच. तुमच्यापैकी जे अलार्म लावून हे उद्योग करतात, त्यांना पुढचं सांगायला नकोच. पहिलं क्वार्टरही संपलं नव्हतं. इंडियाना पेसर्सचा टायरिज हॅलिबर्टन तीन थ्री-पॉइंटर मारून मस्त लयीत आला होता. त्याने बॉल घेतला, पुढे झेपावण्यासाठी उजवा पाय रोवला आणि तो थेट खाली कोसळला. कोणाचा धक्का नाही, कोणाचा पाय मध्ये आला नाही. तो जमिनीवर मूठ आपटत राहिला. काय झालंय ते त्याला कळलं होतं आणि बघणाऱ्यांनाही. अकिलीस टेंडन तुटला होता.

या एका प्लेऑफमध्ये असं तिसऱ्यांदा झालं. एप्रिलच्या शेवटी मिलवॉकीचा डेमियन लिलार्ड, मेमध्ये बोस्टनचा जेसन टेटम आणि जूनमध्ये हॅलिबर्टन. तिघंही मोठी नावं, तिघांचंही दुखणं एकच. अख्ख्या २०२४-२५च्या सीझनमध्ये एनबीएच्या सात खेळाडूंचा अकिलीस तुटला. टेटमने तर त्या रात्री ४२ पॉइंट केले होते, आणि मॅच संपायला काही मिनिटं असताना तो व्हीलचेअरवरून आत गेला.

तेव्हापासून ग्रुपवर, कट्ट्यावर, कमेंट्समध्ये एकच प्रश्न फिरतोय: ‘हा परत आधीसारखा खेळेल का?’ मला वाटतं, आपण प्रश्नच चुकीचा विचारतोय. मोठ्या दुखापतीतून परतलेल्यांचा इतिहास पाहिला, तर ‘अगदी आधीसारखा’ जवळजवळ कोणीच परत येत नाही. काही जण संपतात, काही जण टिकतात, काही जण तर आणखी शहाणे होऊन येतात. पण बदलतात सगळेच. म्हणून विचारायचं ते हे: काय बदलतं, आणि तो बदल पचवायला त्या खेळाडूला आपण वेळ देतो का?

आधी थोडं शरीराबद्दल

अकिलीस म्हणजे पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडणारी कंडरा. शरीरातली सगळ्यात जाड आणि दणकट. उडी मारताना, पहिलं पाऊल झटकन टाकताना ही स्प्रिंगसारखी काम करते. ती तुटली की टाके घालून जोडता येते, पण बरी होताना बऱ्याचदा किंचित लांबते. पायजम्याचं इलॅस्टिक सैल झालं तर काय होतं? पायजमा फाटलेला नसतो, पण धरतही नाही. तसंच काहीसं. पोटरीची ताकद बराच काळ, कधीकधी कायमची, थोडी कमी राहते. चालताना ते जाणवणारही नाही. पण समोर जगातला सगळ्यात चपळ डिफेंडर उभा असेल, तर तेवढंच पुरेसं असतं.

दुसरी कुप्रसिद्ध दुखापत म्हणजे एसीएल. गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना तिरकं बांधून ठेवणारा हा लिगामेंट. तो तुटला की साधारणपणे नुसता शिवत नाहीत. मांडीच्या मागच्या किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेची एक पट्टी काढून तिथे नवीन लिगामेंट बसवतात. त्या पट्टीला खऱ्या लिगामेंटसारखं व्हायला कित्येक महिने लागतात. शिवाय एसीएलमध्ये मज्जातंतूंची टोकं असतात, जी मेंदूला सांगत असतात की गुडघा आत्ता नेमका कुठे आणि कसा वळलाय. लिगामेंट तुटला की ही खबरही तुटते. म्हणजे गुडघा दुरुस्त होतो, पण त्याच्यावरचा भरवसा शिकावा लागतो. अगदी पहिल्यापासून.

एक रोझ, दोन आयुष्यं

डेरिक रोझ हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. २०११मध्ये तो एमव्हीपी झाला तेव्हा वय वर्षं २२. एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात तरुण एमव्हीपी. (मीही २२ वर्षांची आहे आणि अजून असाइनमेंट वेळेवर देऊ शकत नाही, हे जाता जाता.) त्याचा सगळा खेळ वेगावर उभा होता. बॉल घेऊन तो सुटला की दोन-तीन जणांच्या मधून बास्केटपर्यंत पोचायचा, हवेतच अंग वळवायचा आणि जमिनीवर येताना गुडघ्यांवर सगळा भार घ्यायचा.

२८ एप्रिल २०१२. शिकागो बुल्सची प्लेऑफमधली पहिलीच मॅच. टीम १२ पॉइंटने पुढे, दीड मिनिटही उरलेलं नाही, आणि रोझचा डाव्या गुडघ्याचा एसीएल गेला. पुढचा पूर्ण सीझन तो बाहेर. ऑक्टोबर २०१३च्या शेवटी परत आला, १० मॅच खेळला आणि आता उजव्या गुडघ्याचा मेनिस्कस फाटला. २०१५च्या सुरुवातीला पुन्हा तोच. मग न्यूयॉर्क, क्लीव्हलँड, मिनेसोटा. प्रत्येक वेळी लोक विचारायचे, ‘जुना रोझ कधी दिसणार?’

तो दिसलाच नाही. पण ३१ ऑक्टोबर २०१८ला मिनेसोटाकडून खेळताना युटाविरुद्ध एका तिशीतल्या माणसाने ५० पॉइंट केले. एमव्हीपीच्या वर्षातही त्याने कधी एवढे केले नव्हते. मॅचच्या शेवटी समोरच्याचा थ्री-पॉइंटरही त्यानेच ब्लॉक केला आणि कोर्टवरच त्याला रडू फुटलं. त्या सीझनमध्ये तो मॅचमागे १८ पॉइंट करत होता. आधी ज्या थ्री-पॉइंटरसाठी त्याला कोणी घाबरत नसे, तो आता ३७ टक्क्यांनी बसत होता. वेग गेला होता, पण शॉट आला होता. सहा वर्षं लागली. हा रोझ जुन्या रोझपेक्षा लहान खेळाडू होता, हे मान्य करायला हवं. पण तो हरलेला खेळाडू नव्हता.

आकड्यांत न दिसणारा बदल

क्ले थॉम्प्सनची केस तर अभ्यासक्रमात लावावी अशी आहे. जून २०१९च्या फायनलमध्ये डाव्या गुडघ्याचा एसीएल. तो भरून येतोय तोवर नोव्हेंबर २०२०मध्ये उजव्या पायाचा अकिलीस. तब्बल ९४१ दिवस तो कोर्टबाहेर होता. विचार करा, तुमची डिग्री यातली बरीचशी वर्षं खाऊन संपत आली असती. ९ जानेवारी २०२२ला तो परतला आणि त्याच वर्षी जूनमध्ये गोल्डन स्टेटने टायटल जिंकलं.

आता आकडे बघा. दुखापतीआधीच्या २०१८-१९च्या सीझनमध्ये त्याची सरासरी २१.५ पॉइंट. २०२२-२३मध्ये २१.९. उलट वाढलीच. त्या वर्षी त्याने ३०१ थ्री-पॉइंटर मारले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. नुसता स्कोअर बघणारा म्हणेल, ‘काय फरक पडला? काहीच नाही!’

फरक दुसऱ्या बाजूला पडला होता. आधीचा थॉम्प्सन समोरच्या टीमच्या सगळ्यात चपळ गार्डला अडवायचा. २०१९मध्ये तो लीगच्या ऑल-डिफेन्सिव्ह टीममध्ये होता. परतल्यानंतर पुन्हा कधी त्या यादीत आला नाही. चपळ पोरांना अडवण्याचं काम हळूहळू दुसऱ्यांकडे गेलं आणि याच्या वाट्याला जास्त करून थोडे मोठे, कमी वळणारे खेळाडू आले. शॉट मारताना पाय ठरलेल्या जागी ठेवता येतो. डिफेन्समध्ये कुठे वळायचं हे समोरचा ठरवतो. दुखापत नेमकी तिथे पकडते. २०२४च्या फेब्रुवारीत त्याला बेंचवरून खेळवायला लागले आणि त्या उन्हाळ्यात तो डॅलसला गेला.

म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘परतल्यावरही अ‍ॅव्हरेज तेवढंच आहे’ म्हणालं, तर विचारा: तो आता अडवतो कोणाला?

जे टिकले, ते का टिकले?

केविन ड्युरंटचाही अकिलीस जून २०१९च्या फायनलमध्येच तुटला. तो परतला १८ महिन्यांनी, ब्रुकलिनकडून, आणि पहिल्याच सीझनमध्ये सरासरी २६.९ पॉइंट. त्या प्लेऑफमध्ये एका मॅचमध्ये तो पूर्ण ४८ मिनिटं खेळला आणि ४९ पॉइंट केले. कोबी ब्रायंटचा अकिलीस एप्रिल २०१३मध्ये तुटला होता, तो आठ महिन्यांच्या आतच परतला. सहा मॅच खेळला आणि गुडघ्याचं हाड मोडलं.

यावरून ‘थांबा म्हणजे सगळं ठीक होईल’ असा सोपा निष्कर्ष काढू नका. कोबी ३४ वर्षांचा होता, ड्युरंट ३० वर्षांचा. दुखापतीआधी कोबी थकवणारी मिनिटं खेळत होता. १९९२मध्ये डॉमिनिक विल्किन्स अकिलीस तुटल्यावर पुढच्याच सीझनमध्ये परतला आणि सरासरी २९.९ पॉइंट केले, तेही तेव्हाच्या वैद्यकशास्त्राच्या जोरावर. तीन माणसांवरून नियम होत नाही. पण ड्युरंटबद्दल एक गोष्ट नक्की. त्याचा खेळ उडीवर नाही, उंचीवर आणि हातावर चालतो. सात फुटांच्या आसपासचा माणूस मनगटातून शॉट सोडतो, तेव्हा पोटरी दहा टक्के कमी पडली तरी समोरच्याचा हात पोचत नाहीच.

म्हणजे दुखापत किती मोठी याच्याइतकंच महत्त्वाचं आहे, तुमचा खेळ शरीराच्या कोणत्या भागावर उभा आहे. आणि तो भाग गेला तर दुसरं काही शिकायची तयारी आहे का.

ती तयारी म्हणजे शॉन लिव्हिंगस्टन. २००४मध्ये हायस्कूलमधून थेट एनबीएत, चौथ्या क्रमांकाची निवड. फेब्रुवारी २००७मध्ये त्याचा डावा गुडघा असा निखळला की एकाच वेळी तीन लिगामेंट तुटले. व्हिडिओ शोधू नका, खरंच सांगते. पाय कापावा लागू शकतो, इथपर्यंत डॉक्टर बोलले होते. तो पुन्हा चालायला शिकला. मग वर्षानुवर्षं या टीमकडून त्या टीमकडे, मध्ये छोट्या लीगमध्येही. पूर्वीसारखं उसळणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने एक जुन्या पद्धतीचा शॉट घोटला: पाठ बास्केटकडे, आपल्यापेक्षा बुटक्या गार्डला हळूहळू मागे रेटायचं, वळायचं आणि वरून सोडायचं. बाकीची लीग थ्री-पॉइंटरच्या मागे लागलेली असताना हा त्याच्या दोन पॉइंटवर खूश. गोल्डन स्टेटकडून त्याने तीन टायटल जिंकली.

बायकांच्या बास्केटबॉलमध्ये ब्रियाना स्टुअर्टचं उदाहरण घ्या. एप्रिल २०१९मध्ये रशियन क्लबकडून खेळताना अकिलीस तुटला. डब्ल्यूएनबीएचा पगार इतका कमी होता की तिथल्या मोठ्या खेळाडूसुद्धा सुट्टीच्या महिन्यांत परदेशात खेळायच्या. म्हणजे विश्रांतीचा काळच नाही. ती २०२०मध्ये परतली, टायटल जिंकलं आणि फायनलची एमव्हीपी झाली.

आणि आता आपल्याबद्दल

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकते. हॅलिबर्टन सातव्या मॅचमध्ये उतरला तेव्हा त्याची पोटरी आधीच दुखावलेली होती. पाचव्या मॅचमध्ये ती ताणली गेली होती आणि सगळ्यांना ते माहीत होतं. २०१९मध्ये ड्युरंटही पोटरीच्याच दुखण्यातून उठून फायनल खेळायला आला आणि १२ मिनिटांत त्याचा अकिलीस गेला. पोटरीच्या दुखण्यामुळेच कंडरा तुटली असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण दोघांनाही आपण एकच शब्द लावला: वॉरियर. हॅलिबर्टनने नंतर लिहिलं की पुन्हा वेळ आली तरी तो हेच करेल. त्याचा निर्णय, त्याला सलाम.

पण २०१३मधला रोझ आठवा. मार्चमध्ये डॉक्टरांनी त्याला खेळायची परवानगी दिल्याच्या बातम्या आल्या. तो उतरला नाही, कारण त्याला स्वतःला तयार वाटत नव्हतं. आपण, म्हणजे फॅन्सनी, त्याला काय म्हटलं? घाबरट. नाजूक. पैसे घेऊन बसलाय. खेळला तर शूर, थांबला तर भित्रा. यात शहाण्या माणसाला जागा कुठे आहे?

आणि शौर्याचं बिल कोण भरतं? आयझेया थॉमस, उंची जेमतेम पावणेसहा फूट, २०१६-१७मध्ये बोस्टनकडून सरासरी २८.९ पॉइंट. कंबरेचा सांधा दुखत असतानाही प्लेऑफ खेळला. त्या उन्हाळ्यात बोस्टनने त्याला क्लीव्हलँडला पाठवून दिलं. पुढच्या वर्षी ज्या मोठ्या काँट्रॅक्टची तो वाट पाहत होता, त्याऐवजी हातात आलं एका वर्षाचं किमान रकमेचं. लिलार्डचंच बघा. २०२५च्या जुलैच्या पहिल्या तारखेला मिलवॉकीने त्याला सोडून दिल्याची बातमी आली, काँट्रॅक्टचे अकरा कोटींहून जास्त डॉलर उरलेले असताना. ते पैसे त्याला मिळणार आहेत, काँट्रॅक्टच तसं आहे. पण टीमने हिशेब मांडला आणि जागा मोकळी केली. लीगचा नियमही असा, की एमव्हीपीसारख्या पुरस्कारासाठी ८२पैकी ६५ मॅच खेळायलाच हव्यात. २०२४मध्ये मांडीचा मागचा स्नायू दुखावलेला हॅलिबर्टन मोजून-मापून मिनिटं खेळत राहिला, कारण त्या वर्षीच्या ऑल-एनबीए निवडीवर त्याचे चार कोटी डॉलर अवलंबून होते.

‘आपला काय संबंध?’ म्हणू नका. आपल्याकडे डॉलरच्या जागी सर्टिफिकेट असतं. ग्रेस मार्क, स्पोर्ट्स कोटा, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण. आमच्या कॉलेजच्या टीममधली एक मैत्रीण झोनल मॅचमध्ये गुडघा धरून बसली. ‘मुरगळलाय, क्रेप बँडेज बांध’ असं तिला सांगण्यात आलं, ती बांधून खेळली. महिन्याभराने एमआरआय काढला, एसीएल तुटलेला. ऑपरेशन झालं. पाचव्या महिन्यात ती पुन्हा कोर्टवर होती, कारण शेवटचं वर्ष होतं आणि पुढच्या राउंडचं सर्टिफिकेट हवं होतं. तोच गुडघा पुन्हा गेला. आता ती पायऱ्या उतरताना कठडा धरते. तिला कोणी ‘वॉरियर’ म्हणत नाही. आम्ही सगळे साइडलाइनवर उभे राहून ‘चल, होईल!’ ओरडत होतो. मीसुद्धा.

म्हणून, खेळत असाल तर एवढं लक्षात ठेवा. गुडघ्यातून ‘टक्’ असा आवाज आला आणि काही तासांत सूज आली, तर ते मुरगळणं समजू नका. हाडांच्या डॉक्टरकडे जा. बास्केटबॉल-फुटबॉलमध्ये मुलींना एसीएलचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे ‘मुली नाजूकच’ म्हणून उडवून लावणाऱ्यांकडे अजिबात लक्ष देऊ नका. ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच जास्त असतो. आणि तारीख हीच एक कसोटी नाही. दोन्ही पायांची ताकद फिजिओकडून मोजून घ्या, एका पायावरच्या उड्या दोन्ही बाजूंनी जवळपास सारख्या येतात का बघा. आणि स्वतःला विचारा: उतरताना मला भीती वाटते का? भीती म्हणजे भित्रेपणा नाही, ती शरीराची खबर आहे.

खेळत नसाल, नुसते बघत असाल, तरी काम आहेच. हॅलिबर्टन २०२५-२६चा पूर्ण सीझन खेळणार नाही, हे पेसर्सने २०२५मध्ये जाहीर केलं होतं. दुखापतीच्या वेळी टेटम २७ वर्षांचा, हॅलिबर्टन २५, लिलार्ड ३५ला टेकलेला. असा खेळाडू परततो, त्या रात्री आपण सगळे स्कोअरकार्ड उघडून बसतो. तेव्हा स्कोअरपेक्षा दुसऱ्या गोष्टी बघा. पहिलं पाऊल आधीइतकं झटकन पडतं का? बास्केटपर्यंत घुसून फ्री थ्रो मिळवतोय की बाहेरूनच शॉट मारतोय? डिफेन्समध्ये त्याला कोणासमोर उभं केलंय? लागोपाठच्या दोन रात्री खेळवतात का? आणि पहिल्या वर्षावर शिक्का मारू नका, दुसरं वर्ष बघा.

आणि तो जर एखाद्या रात्री म्हणाला, ‘आज नाही, मी तयार नाही,’ तर कमेंट टाइप करायच्या आधी थोडं थांबा. मीही त्या पायऱ्यांवरच्या कठड्याकडे बघून थांबायला शिकतेय.